पूर्व आफ्रिकेतल्या शहरांत सिव्हिल इंजिनिअर म्हणून कामाला जाताना

नैरोबी, कंपाला किंवा दार-ए-सलामच्या साइटवर पहिल्याच दिवशी ‘मुरूम’ हा शब्द कानावर पडतो. तिथल्या इंग्रजीतही तो रुळलेला आहे, निविदेत छापलेला असतो, आणि महाराष्ट्रातून गेलेल्या इंजिनिअरला घरी आल्यासारखं वाटतं. पहिली चूक तिथेच होते. आपल्या देशावरचा मुरूम म्हणजे कुजलेला बेसाल्ट. तिकडचा मुरूम म्हणजे लॅटराइटचे लोहयुक्त खडे आणि त्यांत मिसळलेली लाल चिकणमाती. नातं सांगायचंच तर ते कोकणातल्या जांभ्याशी. उन्हात तो कुदळ उसळेल इतका कडक होतो आणि पाण्यात भिजला की त्याचा जोर ओसरतो.

या भागातल्या कामाचं बरंचसं असंच आहे. नाव ओळखीचं, वस्तू वेगळी. तद्दन नवीन गोष्ट माणूस विचारून करतो. ओळखीची वाटते ती न विचारता करतो आणि फसतो. म्हणून खाली टांझानिया, केनिया आणि युगांडा या तीन देशांतली शहरी कामं डोळ्यांसमोर ठेवून, घर सोडण्याआधीपासून परत येईपर्यंत काय काय तपासायचं ते क्रमाने दिलं आहे.

काम कुठे असतं आणि कोणाला मिळतं

शहरातले रस्ते कोणाकडे आहेत ते आधी समजून घ्या. टांझानियात मुख्य महामार्ग ‘टॅनरोड्स’कडे, तर शहरांतले आणि ग्रामीण रस्ते २०१७ साली स्थापन झालेल्या ‘टारूरा’कडे असतात. केनियात शहरी रस्त्यांसाठी ‘कुरा’ हे वेगळं प्राधिकरण आहे, कंपालात ‘केसीसीए’. पाण्याचं काम दार-ए-सलाममध्ये ‘दावासा’, युगांडात राष्ट्रीय पाणी व सांडपाणी महामंडळ पाहतं. पैसा बहुतेक वेळा जागतिक बँक, आफ्रिकन विकास बँक, जपानची जायका किंवा भारताची एक्झिम बँक यांच्याकडून येतो.

आपल्या दृष्टीने शेवटचं नाव महत्त्वाचं. मुंबईत मुख्यालय असलेल्या एक्झिम बँकेमार्फत भारत सरकार पतपुरवठा करतं तेव्हा साधारणपणे किमान ७५ टक्के माल व सेवा भारतातून घ्याव्या लागतात. टांझानियातल्या २८ शहरांचा पाणीपुरवठा प्रकल्प अशाच ५० कोटी डॉलरच्या कर्जातून उभा राहिला. अशा कामांवर भारतीय कंत्राटदार असतात आणि त्यांची भरती मुंबई-पुण्यातूनच होते. पहिली संधी शोधायची तर तिथे शोधा.

नुकतीच पदवी घेतलेल्यांनी घाई करू नये. स्थानिक इंजिनिअर उपलब्ध असताना परदेशी माणूस का, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. टांझानियाच्या २०१५च्या कायद्यानुसार तर तुमच्यानंतर ती जागा कोणता स्थानिक माणूस घेणार याचा आराखडाही द्यावा लागतो. कंत्राटदाराकडे चार-पाच वर्षांच्या अनुभवावर जागा मिळते. देखरेख सल्लागाराकडे मात्र दहा ते पंधरा वर्षं लागतात. ‘अमृत’ किंवा ‘नगरोत्थान’ योजनेतलं पाणीपुरवठ्याचं, पावसाळी गटारांचं काम इथेच नीट हातून गेलं असेल तर ते तिकडे सोन्याच्या मोलाचं ठरतं. अनुभवपत्रात ‘पाइपलाइनचे काम पाहिले’ असं लिहून भागत नाही. ‘डीआय पाइप, ३०० ते ६०० मिमी, १८ किमी, पैकी ११ किमी वस्तीतून, पद साइट इंजिनिअर, २६ महिने’ असं लिहा. निविदेचं मूल्यमापन करणारा हेच आकडे शोधत असतो.

एजंटामार्फत जात असाल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते पाहा. नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच सेवाशुल्क घेता येतं. दोन-तीन लाख मागणाऱ्याकडे पाठ फिरवा.

कागदपत्रं: तीन महिने आधी

व्हिसा आणि कामाचा परवाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत. टांझानियात परवानेही दोन लागतात: कामगार खात्याचा वर्क परमिट आणि इमिग्रेशनचा निवास परवाना (नोकरदारासाठी वर्ग ‘बी’). केनियात नोकरीसाठी वर्ग ‘डी’. ‘आधी पर्यटक व्हिसावर या, बाकीचं इथे आल्यावर बघू’ असं कोणी म्हणालं तर जाऊ नका. साइटवर तपासणी होते, आणि पकडलेल्या माणसाची परत पाठवणी होते; कंपनी दंड भरून मोकळी होते.

शिवाय तिन्ही देशांत इंजिनिअरांची वैधानिक नोंदणी मंडळं आहेत. परदेशी इंजिनिअरला तिथे तात्पुरती नोंदणी करावी लागते. ती नसेल तर तुमची सही असलेला नकाशा किंवा चाचणी अहवाल कायद्याने कागदाचा तुकडा.

कागद अडतात ते बहुतेक नावावरून. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि कित्येकदा आईचंही नाव असतं. पासपोर्टवर क्रम निराळा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर तिसराच प्रकार. तिकडच्या कारकुनाला ही दोन किंवा तीन वेगळी माणसं वाटतात. म्हणून निघण्याआधी ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र नोटरी करून पदवीसोबत जोडा. पदवीचं साक्षांकन आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्सवाना, रवांडा हे देश एकमेकांचे कागद मान्य करण्याच्या अपोस्टील करारात आहेत, त्यांना मंत्रालयाचा अपोस्टील पुरतो. करारात नसलेल्या देशासाठी पुढे त्यांच्या दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो.

पिवळ्या तापाची लस सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांतच मिळते. मुंबईत विमानतळ आणि बंदर आरोग्य संघटनांची केंद्रं आहेत. प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्या, १० दिवस पूर्ण होईपर्यंत प्रमाणपत्र ग्राह्य धरत नाहीत. एकदा घेतली की ती आयुष्यभर चालते. पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण लागण असलेल्या देशातून कार्डाविना भारतात परतलात तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात.

नेमणूकपत्रात काय वाचायचं

पगार हातात येणारा की कर कापण्याआधीचा, हा पहिला प्रश्न. टांझानियात आयकराचा वरचा दर ३० टक्के, केनियात ३५ टक्के आहे, त्यामुळे या एका शब्दाने तिसरा हिस्सा इकडचा तिकडे होतो. टांझानियात सामाजिक सुरक्षा निधीत एकूण २० टक्के भरावे लागतात, सहसा निम्मे तुमचे, निम्मे कंपनीचे. सदस्य क्रमांक पहिल्या महिन्यातच मागून घ्या. पगार डॉलरमध्ये ठरला असेल आणि स्थानिक चलनात मिळणार असेल तर कोणत्या तारखेच्या दराने, ते लिहून घ्या. राहणं, गाडी, वर्षातून किती वेळा तिकीट, आणि आजारपणात हवाई मार्गाने हलवण्याचा विमा आहे का, हे चारही मुद्दे पत्रात हवेत, तोंडी नकोत. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात ठेवायला देऊ नका.

आर्थिक वर्षात भारताबाहेरचे दिवस मोजत राहा. नोकरीसाठी बाहेर गेलेल्याचा भारतातला मुक्काम १८२ दिवसांच्या आत राहिला तर सहसा तो अनिवासी ठरतो. बचत खातंही मग अनिवासींच्या ‘एनआरओ’ खात्यात बदलून घ्यावं लागतं.

मानकं: एम-२५ म्हणजे सी २५/३० नव्हे

बांधकामाच्या बाजूने सगळ्यात महाग पडणारा गोंधळ काँक्रीटच्या दर्जाचा. आपला एम-२५ म्हणजे १५० मिमी घनाची (चाचणीसाठी ओतलेल्या ठोकळ्याची) २८ दिवसांची वैशिष्ट्यपूर्ण ताकद २५ मेगापास्कल. युरोपीय पद्धतीत दोन आकडे असतात: पहिला सिलिंडरचा, दुसरा घनाचा. त्यामुळे एम-२५ची जोडी सी २०/२५शी लागते. नकाशावर सी २५/३० असेल तर तुम्हाला ३०चा घन द्यायचा आहे. जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या नकाशात नुसतं सी-२५ असतं आणि तिथे तो घनाचाच आकडा असतो. एकाच प्रकल्पात पुलाचे नकाशे युरोपीय आणि गटारांचे जुन्या पद्धतीचे, असंही सापडतं. पहिल्या आठवड्यात रेसिडेंट इंजिनिअरकडून, म्हणजे मालकाच्या वतीने साइटवर देखरेख करणाऱ्याकडून, लेखी खुलासा घ्या.

सिमेंटचंही तसंच. आपल्याला ४३ आणि ५३ ग्रेडची सवय. तिकडे पोत्यावर ३२.५ किंवा ४२.५ असतं. चाचणीची पद्धत निराळी असल्याने आकड्याला आकडा लावून तुलना करता येत नाही, पण भारतातलं मिक्स डिझाइन (मिश्रणाचं प्रमाण) जसंच्या तसं नेऊन ३२.५च्या पोत्यावर चालवलं तर घन चाचणीत पडणार हे नक्की. स्वस्त पोतं बऱ्याचदा पोझोलानायुक्त, म्हणजे राखेसारखी भुकटी मिसळलेलं असतं: ताकद उशिरा येते, साचे लवकर काढले की कडा तुटतात. संरचनेच्या कामाला ४२.५ वापरा, स्थानिक खडी-वाळू घेऊन ट्रायल मिक्स नव्याने करा, आणि त्याला २८ दिवस लागतात हे वेळापत्रकात धरा.

रस्त्याच्या थरांची नावं देशागणिक बदलतात. टांझानियाच्या १९९९च्या पेव्हमेंट मॅन्युअलमध्ये जी-१५, जी-४५, जी-६० असे वर्ग आहेत आणि आकडा सरळ किमान सीबीआर, म्हणजे थराची भार पेलण्याची ताकद, सांगतो. सिमेंट घातलेल्या थराला सी-१, सी-२. केनियाच्या १९८७च्या रस्ते मॅन्युअलमध्ये सबग्रेड (रस्त्याखालची मूळ जमीन) एस-१ ते एस-६: एस-१ म्हणजे सीबीआर २ ते ५, एस-६ म्हणजे ३०च्या वर. टांझानियातही एस-३, एस-७, एस-१५ आहेत, पण तिथे तो आकडा सीबीआरचा. केनियातला एस-३ आणि टांझानियातला एस-३ एक समजलात तर थराची जाडीच चुकेल.

मुरूम आणि काळी माती

लॅटराइट मुरूम निवडताना चार गोष्टी सांभाळा.

खाणीत साधारण ३० मीटरच्या जाळीवर खड्डे घ्या. चांगला थर पुष्कळदा मीटर-दीड मीटरच जाड असतो आणि खाली चिकणमाती लागते. पोकलेन एक फूट खोल गेला की चिकणमाती मिसळते आणि जी-४५चा माल जी-१५ होतो. प्रयोगशाळेतला नमुना उत्तीर्ण, रस्त्यावरचा थर नापास, याचं निम्म्या वेळा हेच कारण असतं. म्हणून माल आधी ढिगात ओढून घ्या, ढिगातून नमुना घ्या, मगच उचला.

सीबीआर चार दिवस भिजवून करा. कोरड्या नमुन्याचा आकडा देखणा येतो आणि फसवतो.

प्लास्टिसिटीच्या (मातीच्या चिकटपणाच्या) चाचणीसाठी नमुना भट्टीत १०५ अंशांवर वाळवू नका, हवेवर वाळवा. काही लॅटराइट तापवले की त्यांतल्या चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटतात आणि प्लास्टिसिटी खरीपेक्षा कमी दिसते.

दबाईच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा चाळणी लावा. मऊ खडे रोलरखाली फुटतात, बारीक माल वाढतो.

हिशोब असा धरा: १ किमी लांब, खांद्यांसकट १० मीटर रुंद, २०० मिमी सबबेस (पायाचा खालचा थर) म्हणजे दाबलेला २,००० घनमीटर. सैल माल त्याच्या १.३ पट, २,६०० घनमीटर. पंधरा घनमीटरच्या ट्रकच्या १७४ खेपा. खाण २० किमीवर असेल तर वाहतुकीचाच दर काम ठरवतो, म्हणून दर भरताना आधी खाण पाहा, मग आकडा लिहा.

नैरोबीच्या आणि अदिस अबाबाच्या काही भागांत काळी माती आहे. विदर्भ-मराठवाड्यात काम केलेल्यांना ती सांगायला नको. तीच फुगते, तीच भेगाळते. उपायही ओळखीचे: काढून टाका किंवा चुन्याने सुधारा, ओलावा स्थिर ठेवा, खांदे पक्के करा, कडेच्या गटाराचं पाणी रस्त्याखाली मुरू देऊ नका.

तपासणीसाठी डीसीपी हे जमिनीची ताकद जोखणारं हातयंत्र तिथे रोज वापरतात: ८ किलोचा हातोडा ५७५ मिमीवरून पडतो, ६० अंशांचा शंकू जमिनीत जातो. एका ठोक्याला १० मिमी गेला तर सीबीआर सुमारे २६, २० मिमी गेला तर सुमारे १३. पावसाळ्यानंतर घेतलेलं आणि उन्हाळ्यात घेतलेलं वाचन निराळं येतं. अहवालावर महिना लिहायला विसरू नका.

गटार आधी, रस्ता नंतर

शहरी कामात सर्वांत जास्त लक्ष द्यावं असं काही असेल तर ते पावसाळी गटार. दार-ए-सलाममध्ये मे २०१६मध्ये जलद बससेवा सुरू झाली. काँक्रीटचे स्वतंत्र मार्ग, चांगली स्थानकं. पण जांगवानीचा बसडेपो म्सिंबाझी नदीच्या पूरमैदानात बांधलेला, आणि तो पुन्हा पुन्हा पाण्याखाली गेला. पुढे त्या खोऱ्यासाठी जागतिक बँकेच्या मदतीने वेगळा प्रकल्प हाती घ्यावा लागला. पाण्याची वाट आधी शोधली नाही की नंतर कितीतरी पटींनी मोजावं लागतं, आणि त्याची झळ आधी नाल्याकाठच्या घरांना बसते.

एक छोटं उदाहरण करून पाहू. १२ हेक्टरची दाट वस्ती, अपवाह गुणांक (पावसातला वाहून येणारा हिस्सा) ०.६५, पावसाची तीव्रता ताशी ९० मिमी. तिन्हींचा गुणाकार भागिले ३६० म्हणजे १.९५ घनमीटर प्रतिसेकंद. आता १ मीटर रुंद काँक्रीट गटार, पाण्याची खोली १ मीटर, उतार ०.५ टक्के, मॅनिंगचा (खरबरीतपणाचा) गुणांक ०.०१७. वेग २ मीटर प्रतिसेकंद, वहनक्षमता २ घनमीटर. कागदावर जेमतेम जमलं. त्याच गटारात ३० सेंटिमीटर गाळ बसला की खोली ०.७ मीटर उरते, आणि वहनक्षमता १.२८वर येते. एक तृतीयांशाहून जास्त क्षमता गेली. वस्तीत कचरागाडी पोहोचत नसेल तर ३० सेंटिमीटर गाळ आणि प्लास्टिक साठायला एक पावसाळा पुरतो. तेव्हा डिझाइन करतानाच गाळाची जागा धरा, आणि गटार साफ कसं होणार ते ठरवा.

साफसफाई कुठे अडते? झाकणावर. १ मीटर गटारावर दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर टेकण धरून १.३ मीटर लांब, ६० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर जाड लादी टाकली तर तिचं वजन सुमारे २९० किलो होतं. ती एकदा बसवली की कोणी उचलत नाही, गटार आतून भरत जातं. हीच लादी ३० सेंटिमीटर रुंद करा: सुमारे १४५ किलो, चार माणसं दोन लोखंडी हुकांनी उचलतात. नकाशात नसलं तरी हा बदल सुचवा, हुक लादी ओततानाच बसवा आणि त्यांना गंज लागणार नाही हे पाहा.

प्रत्येक घरासमोर सांडपाण्यासाठी ११० मिमी पीव्हीसीचा तुकडा भिंतीत आधीच सोडा. सोडला नाही तर लोक छिन्नीने भिंत फोडून पाइप घालतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं? तसंच दरवाजासमोर ओलांडायची लादी द्या, नाहीतर दगड टाकून गटार बुजवलं जातं. भूजल वर असेल तर भिंतीत ५० ते ७५ मिमीची निचऱ्याची भोकं, मागे खडीचा फिल्टर. काम नेहमी खालच्या टोकाकडून, म्हणजे मुखाकडून वर सुरू करा. वरून सुरू केलेलं गटार पहिल्याच पावसात अर्धवट टोकावरच्या घरांत पाणी सोडतं. समुद्राकाठी मुखाची पातळी भरतीच्या पातळीशी ताडून पाहा.

वेळापत्रक पावसावर बसवा. किनाऱ्याकडे ‘मसिका’ हा मोठा पाऊस मार्च ते मे, ‘वुली’ हा छोटा ऑक्टोबर ते डिसेंबर. तिन्ही देशांचं आर्थिक वर्ष जुलै ते जून. नोव्हेंबरात करार झाला, जमवाजमवीत तीन महिने गेले, की मातीकाम बरोबर मसिकात येतं. अशा वेळी आधी पुलांचे भाग आणि लाद्या कास्टिंग यार्डात ओतून घ्या, मातीकाम जूननंतर काढा.

जमिनीखाली काय आहे

जुन्या वाहिन्यांचे नकाशे मिळतात, पण ते खरे मानू नका. दर ५० मीटरला आणि प्रत्येक चौकात हाताने दीड मीटर खोल चाचणी खड्डा घ्या, जे सापडेल त्याचा व्यास, खोली आणि फोटो त्याच दिवशी नोंदवा. घराघरांत जाणारे २०, २५ आणि ३२ मिमीचे पाइप तर कुठल्याच नकाशात नसतात. पोकलेनचा दात लागला की वस्तीचं पाणी बंद. या तीन मापांचे कपलर साइटवर पेटीभर ठेवा आणि तुटलेला पाइप त्याच दिवशी जोडा. पाण्याविना रात्र काढलेल्या वस्तीत दुसऱ्या दिवशी काम होत नाही, आणि होऊही नये.

घरं किंवा टपऱ्या हलवायच्या असतील तर मोबदला हातात पडल्याशिवाय यंत्र पुढे नेऊ नका. जागतिक बँकेच्या कामांत ही करारातली अट आहे. या अटी नुसत्या कागदावर राहत नाहीत: डिसेंबर २०१५मध्ये बँकेने युगांडातला रस्ते प्रकल्प रद्द केला, कारण कंत्राटदाराच्या माणसांकडून स्थानिक अल्पवयीन मुलींवर झालेले अत्याचार उघडकीला आले. त्यानंतर आचारसंहिता प्रत्येक कामगाराकडून सही करून घेतात. ती त्याच्या भाषेत वाचून दाखवा आणि तक्रार कुठे करायची हा फलक गेटवर लावा.

फिडिकची २८ दिवसांची खिडकी

बहुतेक करार फिडिकच्या, म्हणजे सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, नमुन्याचे असतात, बरेच १९९९च्या ‘रेड बुक’चे किंवा विकास बँकांसाठी त्यातून केलेल्या आवृत्तीचे. नव्या माणसाने एकच कलम पाठ करायचं असेल तर १९९९च्या पुस्तकातलं २०.१. जादा वेळ किंवा पैसा हवा असेल तर घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत सूचना द्यायची. तपशीलवार दावा ४२ दिवसांत. सूचना चुकली की हक्क गेला. आपल्याकडे ‘बिलाच्या वेळी बघू’ म्हणायची सवय इथे बुडवते.

सूचनेला पाच ओळी पुरतात: ‘दिनांक ६ रोजी साखळी १+२४० येथे नकाशात नसलेली २०० मिमी जलवाहिनी आढळली. खोदकाम ९.४० वाजता थांबवले. एक पोकलेन, दोन टिपर, ११ कामगार रिकामे. फोटो सोबत. कलम २०.१ खाली ही सूचना.’ पुढे रोजच्या डायरीत तीच यंत्रं आणि तीच माणसं किती तास थांबली ते लिहीत राहा, आणि डायरीवर मालकाच्या बाजूने देखरेख करणाऱ्या इंजिनिअरच्या प्रतिनिधीची सही रोज घ्या. महिनाअखेरीस घेतलेल्या तीस सह्यांना लवादात किंमत नसते.

सकाळचे दोन

स्वाहिलीत दिवस सूर्योदयापासून मोजतात. ‘सा म्बिली’चा शब्दशः अर्थ दोन वाजता, पण ती वेळ सकाळी आठची. सहा मिळवा म्हणजे आपली वेळ मिळते. काँक्रीटचा ट्रक दोनला सांगितला असेल तर समोरच्याने कोणते दोन धरले ते विचारा. फोनवर ठरवताना ‘सकाळी’ किंवा ‘दुपारी’ हा शब्द जोडा. इथिओपियात गेलात तर घड्याळ असंच, शिवाय कॅलेंडर १३ महिन्यांचं आणि सात-आठ वर्षं मागे. पत्रावरची तारीख कोणत्या कॅलेंडरची हे पाहिल्याशिवाय २८ दिवस मोजू नका.

भाषा शिका, ती आपल्याला अवघड नाही. लिहिली तशी वाचतात. दुकानाला ‘दुका’, गाडीला ‘गारी’, हिशोबाला ‘हेसाबु’, विम्याला ‘बिमा’. साइटवरचे शब्द: मिस्त्री ‘फुंडी’, सिमेंट ‘सारुजी’, वाळू ‘म्चांगा’, खडी ‘कोकोतो’, सळई ‘नोंदो’, गटार ‘म्तारो’, धोका ‘हतारी’. टांझानियात वयाने मोठ्या माणसाला ‘शिकामो’ म्हणतात, तो ‘मराहाबा’ म्हणतो. साठीच्या फुंडीला शिकामो न म्हणता थेट काम सांगणं म्हणजे आपल्याकडे वडीलधाऱ्या मिस्त्रीला ‘ए’ म्हणून हाक मारणं. पाच मिनिटं विचारपूस करा, मग नकाशा उघडा. फुंडीला तिथली माती आणि पाणी तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

ताप आला तर

मलेरियाचा जंतू तिथे बहुतांशी फाल्सिपेरम जातीचा असतो, जो दोन दिवसांत जीवावर बेततो. ताप आला की त्याच दिवशी रक्त तपासा. ‘थकव्याने असेल’ म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. औषध लावलेली मच्छरदाणी आणि कॅम्पवर जलद तपासणीचे किट ठेवा, आणि प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या की नाही हे जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. नैरोबीहून ‘ॲमरेफ फ्लाइंग डॉक्टर्स’ची हवाई रुग्णवाहिका चालते, कंपनीच्या विम्यात ती सेवा आहे का ते पाहा. सुट्टीवर घरी आल्यानंतर महिन्याभरात ताप आला तर डॉक्टरांना आफ्रिकेचं नाव आधी सांगा.

निघताना

काम संपण्याच्या दोन महिने आधी परतीचे कागद सुरू करा. भरलेल्या कराचे दाखले घ्या. भारताचा तिन्ही देशांशी दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार आहे, आणि त्याचा लाभ दाखल्याशिवाय मिळत नाही. सामाजिक सुरक्षा निधीतली रक्कम परत मिळवण्याचा अर्ज तिथे असतानाच द्या. अनुभवाचा दाखला कंपनीच्या लेटरहेडवर तर घ्याच, पण प्रकल्प मालकाच्या किंवा रेसिडेंट इंजिनिअरच्या सहीनेही घ्या, आणि त्यात किलोमीटर, व्यास, घनमीटर आणि महिने आकड्यांत येऊ द्या. पुढच्या निविदेत तुमचं नाव ‘प्रमुख कर्मचारी’ म्हणून जाईल तेव्हा तोच कागद मागतात, आणि तोवर ती माणसं दुसऱ्या देशात गेलेली असतात.